गालातला अभिमन्यू

गांधारीला शंभर मुलगे का झाले, हे मला कतारमध्ये मेसईदला आल्यावर कळलं.

माझा मुलगा देवव्रत जेवत नव्हता. चिऊ-काऊचे घास त्यानं केव्हाच बंद पाडले होते. चिऊ तिच्या घरी का जेवत नाही, असं विचारून. मग माझा नवरा म्हणाला, "महाभारत सांग. लवकर संपत नाही." सांगून संजीव खताच्या कारखान्यात शिफ्टला निघून गेला. सांगायचं होतं मला.

मी सोपी पद्धत काढली. एका घासाला एक कौरव. "यानं वाईट केलं ना? मग हे त्याचं कर्म. गिळ." गिळला की तो पडला. आमचं लेकरू इंग्रजी शाळेतलं, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर द्यायचं, "डेड. नेक्स्ट." वरणभाताची वाटी रिकामी व्हायची. मी खूश.

कौरव संपत आले तसा तो पुन्हा जेवेनासा झाला, तेव्हा कुठल्या बुद्धीनं कोण जाणे, मी अभिमन्यू काढला. चक्रव्यूहात शिरायचं माहीत, बाहेर पडायचं नाही. सगळ्या मोठ्यांनी मिळून घेरलं, आणि मी सवयीनं म्हणाले, "गिळ."

त्यानं घास गालात धरला. "व्हॉट बॅड थिंग ही डिड?"

"काही नाही रे. गिळ."

"देन व्हाय विल ही डाय?"

समोर टीव्हीवर इराकचं युद्ध चालू होतं, मी आवाज तेवढा बंद केला होता. आत पाळण्यात वल्लरीची चुळबुळ सुरू झाली होती. कालपासून या मुलाच्या पोटात दुधाशिवाय काही नव्हतं आणि शनिवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर ॲडमिट करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"मागच्या जन्मात केलं असेल काहीतरी," मी म्हणाले.

"हू सेड?"



तेवढ्यात शेजारची हिल्डा डबा परत द्यायला आली. वसईची, बोलायला मोकळी. तिनं त्याचा फुगलेला गाल पाहिला. "काय ठेवलंय त्यात?"

"अभिमन्यू."

"अगं बाय, पोराच्या तोंडात लढाई कशाला घातलीस?"

"संजीवनं सांगितलं."

"मग त्यालाच बोलव भरवायला. आमच्या ॲरनला मी नुसतं म्हणते, पप्पा आले. ताट साफ."

मी शेवटचा उपाय केला. "बरं, अभिमन्यू सुटला. पळून गेला. खलास."

देवव्रतनं मान हलवली. "ही डझन्ट नो द वे आउट. यू सेड." मग त्यानं थोडा विचार केला, माझा डावा हात ओढून हनुवटीखाली धरला आणि अख्खा घास माझ्या तळहातावर काढला.

"नाऊ ही इज आउट."

हिल्डा दाराला टेकून हसत होती. याला धपाटा घालावा की जवळ घ्यावं, मला ठरवता येईना. हातात कोमट, चावलेला भात.

"होल्ड हिम," तो म्हणाला.

मी उजव्या हातानं दुसरा घास पुढे केला. तोंड घट्ट बंद. "हू इज धिस?"

"कोणी नाही. भात आहे."

त्याचा विश्वास बसला नाही. का बसावा? मी वाटी खाली ठेवली. "हे बघ, त्यानं काहीही केलं नव्हतं. मागच्या जन्माचं मी उगाच म्हणाले. मोठ्यांनी केलं आणि ते त्याला भोगावं लागलं."

"दॅट्स नॉट फेअर."

"नाहीच."

"डोन्ट पुट देम इन माय राइस."

"नाही घालणार. कोणालाच नाही."

मग त्यानं चमचा घेतला. प्रत्येक चमचा उलटसुलट बघून, वास घेऊन तोंडात. निम्मा भात शर्टावर, थोडा चटईवर, पण बाकीचा आत जात होता. तो गिळताना मी त्याच्या गळ्याकडेच बघत होते. वल्लरी रडायला लागली. मी उठायला गेले तर त्यानं माझ्या डाव्या हाताकडे रोखून पाहिलं. मी परत बसले.

हिल्डा आतून वल्लरीला खांद्यावर घेऊन आली. "टाक ना गं ते आता बेसिनमध्ये."

"गप्प बस," मी हळूच म्हणाले. "खातोय तो."