केस नसलेलं कासव

"काका, याला केस कुठे आहेत?" नोंदणीच्या टेबलामागच्या तरुणाने विचारलं.

"कासवाला केस कुठून येणार?" सोफे-खुर्च्या शिवणारे काका म्हणाले.

तरुण हसला नाही. त्याच्या डोक्यावर सशाचे दोन कान होते आणि हातात यादी. "हे फरींचं संमेलन आहे. फरी म्हणजे अंगावर फर. रांगेत सगळे प्राणी केसाळ आहेत. मी नोंद कशी करू?"

काकांच्या शेजारी कासव उभं होतं. त्याच्या आत त्यांची लेक होती.

तीस वर्षं काकांनी सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवलं होतं. स्पंज कुठे दाबायचा, रेक्झिन कुठे ताणायचं हे त्यांच्या बोटांना डोळे मिटून कळे. लेक दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि घरातलं बोलणं 'जेवलात?' आणि 'हो' एवढ्यावर आलं. मग एका रविवारी लेक दुकानात आली आणि तिने कटिंगच्या फळीवर एक चित्र ठेवलं. दोन पायांवर उभं असलेलं, खांद्याला पिशवी लावलेलं कासव.

"बाबा, हे शिवाल?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

लोक काय म्हणतील, हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या महिन्यांनी लेकीने काही मागितलं होतं. त्यांनी टेप काढली.

चार महिने रोज संध्याकाळी दोघं कासवाच्या कामाला बसत. पाठीच्या एकेका ढालीत स्पंज भरताना काका विचारत आणि लेक कासवाबद्दल सांगे. स्वतःबद्दल कधी बोलली नसेल एवढं ती कासवाबद्दल बोलली.

आणि आता हा पोरगा म्हणत होता, केस नाहीत.

"काय अडलंय?" मागून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नाकावर चष्मा, कमरेला कोल्ह्याची झुबकेदार शेपटी. संमेलन त्यांनीच भरवलं होतं. तरुणाने अडचण सांगितली.

"अरे, माझ्या घरचं मांजर अंगभर केसाळ आहे," बाई म्हणाल्या. "ते फरी आहे का? ते नुसतं मांजर आहे. दूध संपलं की तोंड फिरवून जातं."

"मग प्राण्याला माणसासारखं केलं की झालं?"

"ते मानवीकरण. किटलीला डोळे काढून तिला बोलायला लावलंस तरी ते मानवीकरणच. म्हणून किटलीला फरी म्हणशील?"

"नाही. किटली म्हणजे प्राणी नाही."

"बरोबर. आणि दुकानाबाहेर उभं राहून कागद वाटणारं अस्वल?"

तरुण अडखळला. "ते... दुकानाचं आहे."

"आतल्या माणसाला त्याचं सोयरसुतक नसतं. सुट्टी झाली की अस्वल खुंटीला. म्हणजे बघ, मानवीकरण मोठं घर आहे, आपण त्यातली एक खोली. प्राणी हवा, त्याला माणसाचा स्वभाव हवा आणि तो कोणालातरी आपला वाटायला हवा. केस असोत की खवले. माझी व्याख्या एवढीच. दुसऱ्या कोणाला विचारशील तर वेगळी सांगेल, त्यावरून आमची भांडणंही होतात." मग त्या कासवाकडे वळल्या. "याचा स्वभाव काय?"

आतून फक्त श्वास ऐकू येत होता. पोरीला चारचौघांत बोलायला जमत नाही, हे काकांना ठाऊक होतं. तेच पुढे झाले.

"सांगतो ना. याला घाई चालत नाही. पण कामाला चुकत नाही. चहा कायम गार झाल्यावर पितं, कारण हातात कप घेतला की कोणीतरी मन मोकळं करायला येतं आणि याला उठवत नाही. पिशवीत दुसऱ्यांसाठी सुईदोरा, गोळ्या, खडीसाखर. रागावलं की ओरडत नाही, भांडी जरा जोरात ठेवतं. आणि घरून निघालं की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतं. कुलूप ओढून बघतं. मग परत निघतं, आणि पुन्हा..."

काका थांबले.

ढालीत स्पंज भरताना हे सगळं त्यांनी ऐकलं होतं, मान डोलावली होती. आता स्वतःच्या तोंडून ऐकलं तेव्हा कोपऱ्यावर आपण पायात चपला घालून ताटकळत उभे आहोत आणि लेकीची आई कुलूप ओढायला परत चालली आहे, असं त्यांना लख्ख दिसलं.

"लिही रे," बाई हळूच म्हणाल्या. तरुणाने लिहिलं.

मिरवणूक झाली. कासव सगळ्यांत शेवटी चाललं आणि दोन ठिकाणी लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कपडे बदलायच्या खोलीत लेकीने डोकं उतरवून बाकावर बसलेल्या काकांच्या मांडीवर ठेवलं. केस घामाने चिकटले होते. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

तिने बाटलीचं झाकण लावलं. "आईचा विषय निघाला की तुम्ही दुकानात जाता, बाबा. चित्रही मी दुकानातच आणलं. तिथून पुढे कुठे जाणार होतात?"

काकांना हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं. त्यांनी मांडीवरचं कासवाचं डोकं फिरवून पाहिलं, हनुवटीखालची शिवण चाचपली.

"मी घालून बघू?"

लेकीने मागचा पट्टा लावून दिला. आत उकडत होतं. अस्तर ओलं होतं. डोळ्यांच्या दोन फटींतून लेकीचे फक्त गुडघे आणि हात दिसत होते.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

काकांनी आतून मान डोलावली. मग ती खुर्ची ओढून समोर बसली आणि बोलायला लागली. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्याबद्दल. आईच्या रक्ताचा अहवाल पहिल्यांदा तिच्याच हातात आला होता, त्या दुपारबद्दल. तो तिने संध्याकाळपर्यंत पर्समध्ये ठेवला होता, त्याबद्दल.

दारातून कोणीतरी सरबताचा ट्रे घेऊन डोकावलं. "काका, घेता का एक?"

कासवाने ते मोठं डोकं सावकाश हलवून नाही म्हटलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते ऐकत बसलं.