धष्टपुष्ट फंड

मोरोक्कोतल्या सफी बंदरातल्या आमच्या सार्डिन मासळीच्या कारखान्यातल्या युनियनचे खजिनदार हाज बुअज्जा वार्षिक सभेला नवरदेवासारखे नटून येतात. यंदा तर त्यांनी फळ्यावर सात वर्षांच्या शिलकीचे सात खांब काढले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच.

"बघा! मी आलो तेव्हा संपाच्या फंडात चहापुरतेही पैसे नव्हते. आज दोन लाख दिरहम आहेत!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. समोर ठेवलेल्या बदामाच्या करंज्याही झकास होत्या. फक्त सार्डिनची मुंडकी उडवण्यात पटाईत असलेली आमची लाला तामू तोंड वाकडं करून बसली होती.

"हाज, या सात वर्षांत आपण संप किती केले?"

"एकही नाही! म्हणून तर फंड असा धष्टपुष्ट झालाय."

"आणि आमचा पगार?"

"त्याचा खांब काढायला फळ्यावर जागा उरली नाही," हाज वैतागले. "तू आधी करंजी खा बाई."

तिने एक तोंडात टाकली. "छान आहे. फंडातून आणल्या?"

"छे! फंडाला मी हात लावतो होय?" हाजची छाती फुगली. "मालकांनी पाठवल्यात. दरवर्षी पाठवतात बिचारे."