डोरेथाचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनं बीपीचं मशीन आहे. काच तडकलेली, पट्ट्याला दोनदा टाके घातलेले. पण आकडा मी कधी खोटा सांगितला नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपीत मिस ओडेट या सुईणीच्या पिशवीत माझं सगळं आयुष्य गेलं. गावातला प्रसूती विभाग बंद झाल्यापासून आपल्या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या बाळंतिणींच्या घरी जाणारी ती एकटीच. माझा पट्टा तिने मुद्दाम मोठा घेतलेला, कारण भरल्या दंडावर लहान पट्टा आकडा उगाच चढवतो.

डोरेथाला बाळंत होऊन सहा दिवस झाले होते. चर्चमधल्या बायका मक्याचा पाव आणि शिजवलेली पालेभाजी घेऊन आल्या होत्या. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. डोरेथा मात्र कपाळ दाबून कोपऱ्यात बसली होती.

"काय गं, डोकं दुखतंय?" मिस ओडेटने विचारलं.

"झोप नाही हो. तुम्ही आधी बाळाचं वजन बघा."

मिस ओडेटने मला तिच्या दंडाला गुंडाळलं. वर एकशे अडुसष्ट, खाली एकशे दहा. मग स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं, तर एकशे अठरा. माझ्यात काही बिघाड नव्हता.

तासभर गाडी हाकून तिने डोरेथाला इस्पितळात नेलं. तिथली नर्स मला बघून हसली. "जुनाट मशीन. पट्टा लहान पडला असेल."

"मोठाच आहे. नीट बघा तरी."

त्यांनी एकदाच मोजलं, आकडा थोडा उतरला होता. डोकेदुखीची गोळी देऊन घरी जा म्हणाले. मिस ओडेट खुर्चीतून हलेना. तेव्हा डोरेथाच तिच्या कानाशी लागली, "चला ना. भांडखोर म्हणून लिहून ठेवतात आपल्याला. पुढच्या वेळी दारातही उभं करणार नाहीत."

आणि कुणाच्या बापाला न भिणारी मिस ओडेट उठली. मी पिशवीत होतो, मला ओरडता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे कपडे वाळत घालताना रक्तदाब चढून डोरेथाला झटके आले, आणि ती गेली. त्याच बायका पुन्हा तोच पाव घेऊन आल्या. या वेळी बाळ मांडीमांडीवर फिरलं नाही.

मित्रांनो, बाळ बघायला जाल तेव्हा आधी त्याच्या आईजवळ बसा. ती 'बरी आहे' म्हणाली तरी उठू नका.

परवा त्याच इस्पितळात दुसरी एक बाळंतीण पोर मिस ओडेटची बाही ओढत होती, "चला ना, उगाच वाद कशाला?"

मिस ओडेटने मला मांडीवर घेतलं. "बस खाली," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी उठले होते."