ताईच्या गोठ्यातल्या नऊ नळ्या

मी जनावरांचं रक्त तपासतो. वीस वर्षं झाली. प्रयोगशाळेत मला 'एक्सप्रेस' म्हणतात, कारण मानेची शीर मला डोळे मिटून सापडते आणि गाईला कळायच्या आत नळी भरते. या नावाचा मला भारी माज होता. आता कोणी तशी हाक मारली की त्याच्या कानफटात द्यावीशी वाटते.

ताईने गोठ्यात नवी गाय आणली तेव्हा तिनेच मला बोलावलं. "गोचिडांचा ताप बाहेरून येतो म्हणतात. सगळ्यांचं रक्त बघून घे एकदा, म्हणजे माझ्या जिवाला घोर नको." नऊ गाई, एका रांगेत. त्यांच्याशिवाय ताई-भाऊजींचं दुसरं काहीच नव्हतं. सुरुवात नवीपासून केली. नियम असा की दर गाईला नवी सुई. सुया पिशवीतच होत्या. पण हातातली सुई मस्त चालली होती, चहा निवत होता, आणि सख्ख्या बहिणीच्या गोठ्यात कसले आलेत नियम. पुसली आणि पुढे गेलो. नऊ नळ्या, दहा मिनिटं.

काचेवर रक्त पसरून पाहिलं. नवीच्या तांबड्या पेशींच्या कडेला जंतूंचे बारीक ठिपके होते, बाकी आठ स्वच्छ. मी फोनवर ऐटीत सांगितलं, "नवीला वेगळी बांधा, औषध द्या, बाकीच्यांची काळजी सोडा."

पाचव्या आठवड्यात रांगेतली दुसरी गाय तापली. डोळे पिवळे पडले, चारा सुटला, चौथ्या दिवशी गेली. मग तिसरी. मग चौथी. गोचिडांची फवारणी भाऊजींकडून एकदा राहून गेली होती. "माझ्याच आळसाने गेल्या," एवढंच ते घोकत राहिले.

मी वही उघडली. ज्या क्रमाने मी रक्त काढलं, त्याच क्रमाने गाई आडव्या होत होत्या. गोचीड काही रांगेने चालत नाही. रांगेने मी गेलो होतो. तरी आठ दिवस तोंडाला कुलूप लावून बसलो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

उरलेल्यांचं रक्त घ्यायला परवा गेलो. ताई गाईची मान धरून उभी होती. पाचवीचं रक्त काढलं, सुई डब्यात टाकली, नवी लावली. सहावीला पुन्हा नवी. ताई माझ्या हाताकडे बघत होती.

"मागच्या वेळी नव्हतास बदलत."

"नाही."

"मग?"

"नवीचं रक्त सुईवरून पुढच्या गाईंत गेलं, ताई. मीच घातलं."

तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती गाईच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

"या वाचतील?"

"औषध देऊ. पण पाचवीचे डोळे बघ ना. एखादी वाचली तर वाचली."

"जा, त्यांना सांग," ती म्हणाली. "पंधरा दिवस घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली."

भाऊजी पलीकडे आठवीपाशी उकिडवे बसले होते. तिच्या कानामागच्या गोचिडी चिमट्याने एकेक करून काढत होते आणि रॉकेलच्या डब्यात टाकत होते. मला बघून त्यांनी सरकून जागा केली.

"ये, बस," ते म्हणाले. "आता एकही ठेवत नाही बघ."