बाकीची वापसीत

"आडवा डोंगा हाकनं अन् उभा हाकनं, यात लय फरक असते," डोंग्याच्या टोकावर बूड टेकता टेकता महागूनं ज्ञान पाजळलं.

"तुमी गप बसा," बांबूनं काठ ढकलत त्याची बायको मैनाबाई म्हणाली. "बसनाऱ्यानं हाकनाऱ्याले शिकवू नये."

फरक होता मात्र खराच. महागूचा खांदा निकामी झाल्यापासून मैनाबाईनंच वैनगंगेवर डोंगा चालवला, पण सारा आडवा. या काठावरून त्या काठावर आणि परत. नदी पुढे कुठे जाते, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता घाटावर पूल झाला, बस सुरू झाली आणि डोंगा उन्हात तडकू लागला. खाली चार गावं सोडून तिची भाची अंजना राहते. तिथं अजून पूल नाही, म्हणून डोंगा तिला द्यायचा ठरला. ट्रॅक्टरवर घालून नेऊ, असं महागूनं सुचवून पाहिलं होतं. "माहा डोंगा का भुशाचं पोतं हाय?" एवढंच मैनाबाईनं विचारलं आणि तो विषय तिथंच संपला.

मैनाबाईची खरी ख्याती होती ती गोष्टींची. डोंगा सुटला की गोष्ट सुरू, टोक वाळूला लागलं की बंद. मग गोष्टीतला माणूस विहिरीत लटकलेला का असेना! "उतरा. बाकीची वापसीत!" आणि वापसीला ही बया हटकून दुसरीच गोष्ट काढायची. लोक चिडायचे, हसायचे, आणि पुन्हा येऊन बसायचे.

पहिल्याच घाटावर कपडे धुणारी एक बाई ताडकन उभी राहिली. "अवो, मगरवाल्या मैनामावशी ना तुमी? मी संघमित्रा! शाळेत जायले तुमच्याच डोंग्यात बसत होती मी. मगरीनं नवरदेवाचं बाशिंग गिळलं, अन् तुमी म्हनलं बाकीची वापसीत. माहं लगन झालं, दोन लेकरं झाली, वापसी काही आली नाही!"

साऱ्या घाटावर हशा पिकला. संघमित्रानं चहा आणला, उकडलेले शिंगाडे ओच्यात घातले आणि म्हणाली, "आता सांगाच."

"डोंगा थांबला का गोष्ट बंद. नियम हाय," मैनाबाई शिंगाडा सोलत म्हणाली.

दुसऱ्या घाटावर एका म्हाताऱ्यानं लांबूनच हाळी दिली, "मगर मेली का जित्ती हाय?" तिसऱ्या घाटावरही तेच. मैनाबाईचा चेहरा असा फुलला होता की महागूला वाटलं, ही आता परत उलटी निघते का काय.

पण पुढचं वळण आलं आणि तिचा बांबू मंदावला.

"काहून? दमली?"

"दमली नाही. अंजनाचं गाव आलं."

"हौ, मंग?"

"मंग काय! डोंगा गेला का मले कोन विचारनार? साऱ्या जगाची मावशी झाली होती मी या डोंग्यापायी. पुलाले कोनी मावशी म्हनते का?"

महागू उगाच पाण्यात हात घालून बसला. मग हळूच म्हणाला, "त्या मगरीचं काय झालं, मले तरी सांग. मी काठावर बसून नुसती सुरवातच आयकली."

"खरं सांगू? मलेच नाही मालूम."

महागू असा हसला की डोंगा डुलायला लागला. "बुडवता का आता!" म्हणून ती खेकसली आणि मग तिलाही हसू आवरेना.

अंजना हळदकुंकू घेऊन उभीच होती. तिनं डोंग्याच्या टोकाला कुंकू लावलं, नारळ फोडला. मैनाबाईनं बांबू तिच्या हातात दिला. "उन्हात ठेवू नको त्याले. अन् उतारूंशी बोलत जा, मुक्यानं नदी सरत नाही." एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. अगदी लेक सासरी धाडल्यासारखी ती रडली.

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं परत निघाले. पुलाअलीकडं शेजारच्या सीटवर कॉलेजातली एक पोरगी कानात वायर घालून बसली होती. खिडकीतून पाणी दिसलं आणि मैनाबाईचं तोंड आपोआप उघडलं.

"या नदीत एक मगर होती..."

पोरीनं कानातली वायर काढली.

"एक बार काय झालं, नवरदेव डोंग्यात बसला. बाशिंग बांधून, असा ताठ. अन् मगर आली वरतं..."

आणि पूल संपला. मगरीनं अजून जबडासुद्धा उघडला नव्हता! मैनाबाई मागे वळून बघतच राहिली. एवढीशीच होती ही नदी?

बस थांबली. महागू पिशवी घेऊन खाली उतरला.

"फिर क्या हुआ, मौसी?" पोरीनं तिचा पदरच धरला.

मैनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग पदर सोडवून घेतला, कमरेला खोचला आणि ठसक्यात पायरी उतरली.

"बाकीची वापसीत!"

बस हलली. पोरगी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती, "वापसी कब है, मौसी?"