खालून कापायची सवय

धाकटीचे दोन निबंध बाईंनी परत केले होते. पहिल्यावर शेरा होता, ‘पोचायच्या आधीच थांबला.’ दुसऱ्यावर, ‘पुन्हा तेच.’ तिसराही असाच गेला तर निबंधलेखनाचा अभ्यासक्रम पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागणार होता आणि पदवी तेवढी लांबणार होती. ती डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळत असे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी व्यवस्थापकाची खुर्ची तिच्यासाठी यंदापुरती अडवून ठेवली होती. पुढच्या वर्षीपर्यंत त्या थांबणार नव्हत्या.

धाकटी हे घरातलं नाव. वयानं ती पस्तिशीला टेकली होती आणि संध्याकाळच्या कॉलेजात निम्म्या वर्गाची मावशी शोभली असती.

वर्गाचा एक नियम होता. पक्क्या निबंधाला त्याचे सगळे कच्चे खर्डे टाचून द्यायचे. दुसरा निबंध परत करताना बाईंनी तिला थांबवलं आणि खर्डे उलटे चाळून दाखवले.

“ही लाल शाई कोणाची?”

“वडिलांची. ते वर्तमानपत्रात उपसंपादक होते. घरी सहज वाचतात.”

“सहज? शेवटचा परिच्छेद आडवा मारलाय. पहिल्या निबंधातही असंच?”

“हो. ते म्हणतात, शेपूट नको.”

“बातमीत ते ठीक आहे. महत्त्वाचं वर असतं, जागा कमी पडली की खालून कापायचं. तुझं उलटं आहे. तुला काय म्हणायचंय ते तुला लिहिता लिहिता शेवटी सापडतं. ते नेमकं तेच कापतात.”

“मग त्यांना दाखवू नको?”

“ते तुझं घर. मला निबंध सोमवारी हवा.”

घरचं प्रकरण सोपं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून अप्पांचे हात शिवशिवत. औषधाच्या डबीतला कागद ते सुधारत, जिन्याजवळची पाण्याच्या वेळांची सूचना सुधारत. धाकटीचे निबंध सुरू झाले तसे ते पुन्हा माणसात आले. ती यायच्या सुमाराला दाढी केलेली, टेबलावरचा दिवा लावलेला, पेनाचं टोपण काढलेलं.

“खालून कापायची यांची सवय जुनी,” आई म्हणायची. “आमच्या लग्नाची पत्रिका यांनीच तपासली. शेवटच्या ओळीत पत्ता होता. पाहुणे विचारत विचारत आले.”

“आले ना?” अप्पा म्हणायचे. “मग पत्ता जास्तीचाच होता.”

बाईंशी बोलणं झालं त्या संध्याकाळी धाकटीनं सांगितलं, “या आठवड्यात निबंध नाही, अप्पा.”

“बरं,” ते म्हणाले. पेनाला टोपण लावलं, दिवा घालवला. मग साबणाच्या पुड्यावरचा मजकूर वाचत बसले. जेवताना आई म्हणाली, “माझ्या सामानाच्या यादीतली शेवटची ओळ खोडलीये यांनी. मीठ आलेलं नाही.” अळणी भाजी तिघांनी तशीच खाल्ली. सांगून टाकावं असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं, पण बापाला ‘तुम्ही हात लावू नका’ कोणत्या तोंडानं सांगायचं, ते तिला सुचेना.

निबंधाचा विषय होता ‘वाट पाहणं’. तिनं दवाखान्यातलं बाक लिहिलं. डोळ्यांत थेंब घातले की माणसाला जवळचं धूसर दिसतं. हातातला फोन वाचता येत नाही, म्हणून तो खिशात जातो आणि शेजारच्याशी बोलणं सुरू होतं. सुनेची तक्रार, गुडघे, कोणाचा तरी मेलेला पोपट. आतून हाक आली की गोष्ट अर्धी टाकून उठावं लागतं, आणि कित्येकांना ते जिवावर येतं. लिहिता लिहिता शेवटी तिला घरचं टेबल सापडलं. तिथेही एक माणूस दिवा लावून बसतो. आतून हाक येईल म्हणून नाही, बाहेरून कागद येतील म्हणून.

ते तिनं पुन्हा एकदा वाचलं. मग त्याच्याखाली तिनं आणखी एक परिच्छेद लिहिला: ‘एकंदरीत पाहता, वाट पाहणं हा मानवी जीवनाचा अविभाज्य भाग असून त्यातूनच संयमाचं महत्त्व अधोरेखित होतं.’ अशाच आणखी चार ओळी. आणि कागद अप्पांपुढे ठेवले.

पेन पानांवरून सावकाश खाली आलं. दोन शब्द गेले, एक वाक्य वर सरकलं. ‘एकंदरीत’पाशी अप्पांनी श्वासही न घेता तिरकी रेघ ओढली. मग नजर एक परिच्छेद वर गेली आणि तिथेच राहिली.

“हे शेपूट तू मुद्दाम लावलंस.”

“कुठलं?” धाकटी म्हणाली.

“आमचा क्रीडा वार्ताहर असंच करायचा. खाली चार ओळींची भरती. मी ती कापायचो, वरचं त्याचं सुखरूप छापून यायचं. त्याला वाटायचं, मला कळत नाही.”

“कळत होतं?”

“पहिल्याच आठवड्यात.”

“मग बोलला का नाहीत?”

“मलाही कापायला काहीतरी मिळत होतं.”

त्यांनी पुन्हा टेबलाचा परिच्छेद वाचला. धाकटी पेनाच्या टोकाकडे बघत होती. टोक कागदाला टेकलं. ‘दिवा लावून’च्या आधी लहान अक्षरात त्यांनी एक शब्द घुसवला, ‘आधीच’. तिच्या कोणत्याही खर्ड्यात त्यांनी शब्द वाढवल्याचं तिला आठवत नव्हतं.

“आणि आधीचे दोन परत आले ते?” त्यांनी विचारलं. “मीच बुडवले?”

“शेवट कापला गेला होता,” ती म्हणाली.

अप्पांनी मान हलवली आणि पेनाला टोपण लावलं. दिवा मात्र तसाच ठेवला.

निबंध परत आला तेव्हा खाली एकच शब्द होता, ‘पोचला’. खर्ड्यातला तो लाल ‘आधीच’ तिनं पक्क्या प्रतीतही उतरवला होता. त्याच्याभोवती बाईंनी पेन्सिलीनं गोल केला होता, बाकी काही लिहिलं नव्हतं.

धाकटीनं कागद टेबलावर ठेवला. अप्पांनी चष्मा लावून शेरा वाचला, मागे-पुढे काही आहे का पाहिलं.

“बाई चांगल्या आहेत,” ते म्हणाले. “कापायला जागाच ठेवली नाही.”