छपरावर एकजण

"छपरावर किती जण आहात?" नोल्वियाने फोनवर विचारलं.

"मी एकटीच गं पोरी. सकाळीपण सांगितलं होतं की तुला. त्रान्सितो, कपडे शिवते ती. लास पाल्मासमध्ये, बांधाला लागून घर. आता घर दिसायचं नाही, पत्रे तेवढे दिसतील."

"तुमची नोंद आहे, डोन्या त्रान्सितो. बोट येतेच आहे. धीर सोडू नका."

"सोडून जाऊ कुठे? आणि ऐक, समोरच्या छपरावर कास्तुलो आहे. त्याने पहाटेच फोन केला होता म्हणे तुम्हाला. आता त्याचा फोन भिजलाय. नाव आहे ना त्याचं?"

"असेलच," नोल्विया म्हणाली आणि तिने पुढचा फोन घेतला.

उलुआ नदीचा बांध आदल्या दिवशी फुटला होता. उंचावरच्या शाळेत लोकांनी आसरा घेतला होता आणि तिथल्याच एका वर्गात, फळ्याखाली, नोल्विया लॅपटॉप मांडून बसली होती. एरवी ती वस्तीच्या पाणी समितीत कारकून होती. नळ गेला, पाइप फुटला, अशा तक्रारी लिहून घेणं हे तिचं काम. कंटाळून तिने त्या तक्रारींसाठी एक अ‍ॅप बनवलं होतं. प्रोग्रामिंग तिला येत नव्हतं, पण आता त्याची गरजही उरली नव्हती. पडद्यावर चौकटी ओढून ठेवायच्या, कुठली माहिती दाखवायची आणि कुठल्या क्रमाने लावायची ते निवडायचं, झालं. व्हिडिओ बघत बघत ती शिकली होती. पूर आला तेव्हा तिने तेच अ‍ॅप घाईघाईने बदलून घेतलं. तक्रारीच्या जागी छप्पर आलं, प्लंबरच्या जागी बोट.

क्रम कसा लावायचा, हे तिने समितीच्या अध्यक्षांना, डॉन रिगोंना विचारलं होतं. तिकडे मानाने पुरुषाला डॉन म्हणतात, बाईला डोन्या.

"जिथे जास्त माणसं, तिथे आधी बोट. यात विचार कसला करायचा?" ते म्हणाले होते.

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. नोल्वियालाही ते पटलं. तिने पहिला निकष ठेवला माणसांची संख्या, मोठी वर. दुसरा निकष, फोन आल्याची वेळ. तेला गावाहून मदतीला आलेल्या कोळ्यांच्या मोबाइलवर यादीतली वरची नावं आपोआप दिसू लागली. बोटी भरभरून येऊ लागल्या. बायका मुलांना पोटाशी धरून उतरत होत्या, वर्गात डोकावून नोल्वियाला आशीर्वाद देत होत्या. आपल्या हातचं काम असं कुणाच्या जिवाला उपयोगी पडेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती जेवायलाही उठली नाही.

दुपार कलली तेव्हा पुन्हा डोन्या त्रान्सितोचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"पोरी, रागावू नकोस हं. माझ्या समोरून बोट गेली. मी हात केला, त्यांनीपण केला. म्हणाले, यादीत आधी पुढचं घर आहे. मी म्हटलं, असेल बाई, लेकुरवाळं कुणीतरी. पण कास्तुलो हाकेला ओ देत नाही गं. नुसता बसलाय."

"थांबा, बघते मी. फोन ठेवू नका."

नोल्वियाने यादी खाली सरकवली. नाव दिसेना. आणखी सरकवली. तिला वाटलं, नोंद पुसली गेली की काय. मग यादीच्या तळाशी ती सापडली. तिच्या वरच्याच ओळीत कास्तुलो होता, पहाटे फोन केलेला. आणि त्या दोघांच्या आसपास सगळे तसेच. एक शिक्षिका, एक रखवालदार, एक पांगळा माणूस. सगळ्यांपुढे आकडा एकच होता, एक. नुकताच फोन केलेलं नऊ जणांचं कुटुंब मात्र थेट वर जाऊन बसलं होतं.

वेळेचा निकष लागत होता तो फक्त आकडा सारखा असला तरच. एकटी माणसं एकट्यांमध्येच पुढेमागे होत होती. जोवर दोघातिघांचे फोन येत राहणार, तोवर यातलं एकही नाव वर सरकणार नव्हतं.

तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की व्हरांड्यात चुलीवर घेवडा ढवळणाऱ्या बाया दारात आल्या. डॉन रिगो धावत आले.

"काय झालं? बंद पडलं का?"

"नाही. नीट चाललंय. मी सांगितलं तसंच चाललंय." "एकट्या माणसाकडे बोट जाणारच नव्हती, डॉन रिगो. आणि मी पहाटेपासून त्यांना सांगतेय, येते, येते."

"अगं, पण नऊ जणांना सोडून एकाला..." ते बोलता बोलता थांबले. यादीतलं कुठलंसं नाव त्यांनी वाचलं होतं. "हा पांगळा माझा शाळेतला सोबती आहे," ते हळूच म्हणाले आणि बाकावर बसले.

नोल्वियाने वेळेची चौकट ओढून वर नेली. यादी क्षणात उलटीपालटी झाली. एवढं सोपं होतं ते. तिने सेल्विन कोळ्याला फोन लावला.

"लास पाल्मास. समोरासमोर दोन छपरं आहेत. आधी तिकडे जा."

"तिथून तर मघाशीच आलो आम्ही! हात करणारी म्हातारी ना? तुमच्या यादीत नव्हती म्हणून..." पलीकडे इंजिनाचा आवाज चढला. मग तो म्हणाला, "वळवतो."

बोट आली तेव्हा नोल्विया पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभी होती. सेल्विनने डोन्या त्रान्सितोला उचलून खाली ठेवलं. तिच्यामागे कुणी उतरलं नाही.

"आम्ही वळणावर दिसलो, तेवढ्यात गेला," सेल्विन म्हणाला. तो नोल्वियाकडे बघत नव्हता.

"ओरडलासुद्धा नाही," डोन्या त्रान्सितो म्हणाली. "बसल्या जागेवरून पाण्यात घसरला." मग तिने नोल्वियाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फोनवरची तूच ना? आवाजावरून ओळखलं. बोट मुलाबाळांकडे आधी जात होती, होय ना?"

"जास्त माणसं असतील तिकडे."

"म्हणजे मी आणि कास्तुलो एका छपरावर असतो तर?"

खोटं बोलावं, असं नोल्वियाच्या मनात येऊन गेलं.

"तर बोट आधी आली असती," ती म्हणाली. "क्रम मी लावला होता, डोन्या त्रान्सितो. मीच."

म्हातारीने ओल्या स्कर्टचा काठ पिळला. पाणी चढायच्या आधी कास्तुलोने तिला बोलावलं होतं, इकडे ये, सोबत होईल म्हणून. लोक काय म्हणतील म्हणून ती गेली नव्हती. हे तिने नंतर सांगितलं, नोल्वियाला नव्हे, भांडी घासणाऱ्या एका बाईला.

"त्याची मुलगी राजधानीत, तेगुसिगाल्पाला असते," ती अखेर म्हणाली. "नंबर मला पाठ आहे. मीच सांगते."

नोल्वियाने आपला मोबाइल पुढे केला. डोन्या त्रान्सितोने तो लगेच घेतला नाही. तिने कुणाचा तरी कंगवा मागून घेतला, चिखलाने चिकटलेले केस जमेल तसे विंचरले, अंबाडा घातला, ब्लाउजचं वरचं बटण लावलं. फोनवर तिला कुणी बघणार नव्हतं. मग तिने हात पुढे केला.